डोळे झाकून एक्सफॅट मारू नका

नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली की कुणीतरी सांगतंच, "एक्सफॅट मार, सगळीकडे चालतं." एक्सफॅट ही एक फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत; डिस्क फॉरमॅट करताना ती निवडतात. चालतं, हे खरं. पण घरातले सगळे फोटो त्या एकाच डिस्कवर ठेवणाऱ्याला हा सल्ला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम, फाइलींच्या नोंदी (कुठली फाइल कुठे आहे ते) बदलण्याआधी तो बदल लॉगमध्ये टिपून ठेवते. कॉपी चालू असताना केबल निसटली किंवा लाइट गेली, तर पुढच्या वेळी डिस्क लावल्यावर लॉग वाचून नोंदी जुळवून घेते. अर्धवट उतरलेली फाइल तीही वाचवत नाही, पण बाकीची डिस्क शाबूत राहते. एक्सफॅटमध्ये मात्र नोंदी लिहितानाच वीज गेली, तर कधी फोल्डर रिकामं दिसतं, कधी विंडोज थेट विचारतं, "फॉरमॅट करायचं का?" अशा वेळी 'हो' अजिबात म्हणू नका. आधी रिकव्हरी सॉफ्टवेअरने डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) त्यानंतर चालवा. चेकडिस्क डिस्कवरच्या नोंदी बदलतं, म्हणून हा क्रम.

क्लस्टरकडेही कुणी बघत नाही. क्लस्टर किंवा अ‍ॅलोकेशन युनिट म्हणजे फाइलीला मिळणारा जागेचा सर्वांत लहान तुकडा. 1 टीबीची डिस्क विंडोजवर एक्सफॅट केली, तर अ‍ॅलोकेशन युनिट आपोआप 128 केबी धरलं जातं. एनटीएफएसमध्ये ते 4 केबी असतं. म्हणजे 2 केबीची फाइलही 128 केबी जागा अडवते. अशा 1 लाख फाइलींना सुमारे 12 जीबी लागतात. एनटीएफएसवर 400 एमबीही लागत नाहीत. नुसते व्हिडिओ ठेवायचे असतील तर याने काही बिघडत नाही.

मग निवडायचं काय? फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, दुसरा विचारच नको. सोबत मॅकही असेल तर अडचण येते: मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. तिथे एक्सफॅटच घ्या, पण त्यातल्या डेटाची दुसरी कॉपी हवीच. नुसता मॅक असेल तर एसएसडीला एपीएफएस, ही अ‍ॅपलची नवी फाइल सिस्टिम. आत तबकडी फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर साधी साठवण असेल तर अ‍ॅपलचंच जुनं जर्नल्ड मॅक ओएस एक्स्टेंडेड बरं, तिथे एपीएफएस हळू पडते. फॉरमॅट करताना मॅकच्या डिस्क युटिलिटीत आधी 'शो ऑल डिव्हायसेस' करून सर्वांत वरची ओळ निवडा, नाहीतर जीयूआयडी पार्टिशन मॅपचा (डिस्कचे भाग नोंदवायच्या आराखड्याचा) पर्याय दिसतच नाही. फक्त लिनक्स असेल तर लिनक्सचीच ईएक्सटी4.

फॅट32 ही जुनी फाइल सिस्टिम आता जुन्या टीव्ही आणि कार स्टिरिओपुरती. त्यात एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे, म्हणून भरपूर जागा रिकामी असूनही लग्नाचा मोठा व्हिडिओ "फाइल फार मोठी आहे" म्हणून अडतो.

दुकानातून आलेली डिस्क अनेकदा आधीच एक्सफॅट केलेली असते. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या, आणि तेही भरायच्या आधी. विंडोजची कन्व्हर्ट कमांड फॅट32 ची एनटीएफएस करून देते, तीही डेटा न पुसता. एक्सफॅटला ती चालत नाही. त्यामुळे नंतर बदलायचं म्हटलं, तर आधी सगळा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो.