बहिणीची सही आणि नारळांचा हिशेब

चतुर्थी आटोपल्यावर मी ताईच्या घरी एक कागद घेऊन गेलो होतो. हक्कसोडपत्राचा मसुदा. फोंड्याजवळचं आमचं घर, मागचं कुळागर म्हणजे सुपारीची बाग आणि ओढ्यापलीकडचं नारळाचं भाट, आईबाबांच्या पश्चात सगळं दादाच्या नावावर व्हावं म्हणून. मी पणजीत नोकरीला. मला त्या जमिनीचा लोभ नाही आणि ताईलाही नसणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ताई विळीवर नारळ खवत होती. कागदाला तिने हातही लावला नाही. म्हणाली, "हा पंचेचाळीस रुपयांना आणलाय बाजारातून. आपल्या भाटातला शेवटचा नारळ या घरात कधी आला होता, सांग बघू?"

मला सांगता येईना.

भाऊजींनी मात्र मसुदा दोनदा वाचला. त्यांचीही सही लागतेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे मुलीमागून जावई आणि मुलामागून सून कागदावर येते. (कोल्हापूरच्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो चाटच पडला.)

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे १८७० मध्ये लागू झाली. केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क यायला २००५ उजाडलं. आपल्या मुलींना तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. याचा आपल्याला अभिमानही फार. पण 'माहेर हवं असेल तर सही कर' हे कुठल्याच संहितेत लिहिलेलं नाही आणि तरी सगळ्या घरांना तोंडपाठ आहे. मी काय वेगळं करायला गेलो होतो?

दादाची बाजू खोटी नाही. आईची शेवटची वर्षं अंथरुणात गेली, ती दादा आणि वहिनीने काढली. दर पावसाआधी छपराचे नळे परतणं, नारळ पाडणाऱ्या पाडेलीच्या मागे लागणं, सुपारीला पाणी, सगळं त्याच्याच अंगावर. आईबाबांच्या मनात असतं तर दोघांनाही आपापल्या हिश्शाचा अर्धा भाग मृत्युपत्राने दादाला देता आला असता. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. म्हणजे दादाला दोन तृतीयांश आणि आम्हा दोघांना एकेक षष्ठांश. तक्रारीला जागाच उरली नसती. पण मृत्युपत्राचा विषय काढला की आई म्हणायची, "आत्ताच कशाला अभद्र बोलायचं?" त्यामुळे आता तिघांना समान. सेवेचं मोल तिने लिहून ठेवलं नाही आणि ते आम्ही ताईच्या हिश्शातून चुकवायला निघालो होतो.

चुलतभावाने फॅमिली ट्रस्ट सुचवला. दादा विश्वस्त, आम्ही लाभार्थी. ऐकायला झकास. पण १८८२ च्या न्यास कायद्यात विश्वस्ताने हिशेब ठेवायचा आणि लाभार्थ्याने मागितला की दाखवायचा, असं आहे. आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

लोक इन्व्हेंटरीला, म्हणजे कोर्टामार्फत होणाऱ्या वारसांच्या वाटणीला, घाबरतात. कोर्टात घराण्याची शोभा होते म्हणे. खर्च आणि तारखा यांची भीती मला मान्य आहे, शोभेची नाही. तिथे मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी लागते. मग वारसच आपसांत बोली लावतात, लिसितासांव. ज्याची बोली जास्त तो घर घेतो आणि बाकीच्यांच्या वाट्याची रक्कम चुकती करतो. २०१२ चा नवा वारसा कायदा २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला, त्यातही ही बोली ठेवली आहे. भावंडांनी एकमेकांविरुद्ध बोली लावणं कानाला बरं वाटत नाही, खरं आहे. पण मला ती त्या गोडीगुलाबीच्या सहीपेक्षा प्रामाणिक वाटते. निदान बहिणीच्या वाट्याला आकडा तरी लागतो.

परत आल्यावर मी दादाला फोन केला. सहीचं काही बोललो नाही, भाटाचा हिशेब मागितला. तो बराच वेळ गप्प होता. मग "बघतो" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर वहीचे फोटो आले. बाबांचीच लांबट वही. पानाच्या मध्यावर बाबांचं तिरकं अक्षर थांबतं आणि खालच्याच ओळीपासून दादाचं सुरू होतं. पाडणी, नारळ ५८०, पाडेली, टेम्पो, खत. एकही पाडणी सुटलेली नाही. इतकी वर्षं लिहीत होता आणि दाखवली कोणालाच नाही. आम्हीही मागितली नव्हती म्हणा.

ताईने फोटो मोठे करकरून पाहिले असणार, कारण तिचं उत्तर रात्री अकराला आलं: "नारळ कळले. कोकमाच्या सोलांचं काय? ती कोणी नेली?"

मसुदा अजून माझ्या खणात आहे.