चिखलदऱ्याला जाताच आहात, तर पठार तुडवूनच या

ऑगस्टमधला रविवार धरा. दिवाळीनंतर जाऊन उपयोग नाही. पठारावरचा तेरडा, सीतेची आसवे ही मंडळी एका पावसाळ्याची: उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, संपायचं. एकदा बी पडलं की तुमच्या बुटांना फारसं काम उरत नाही. फूल आहे आणि बी अजून धरलेलं नाही, तेवढ्यातच गाठलं पाहिजे.

परतवाड्याहून घाट चढून आलात की पायवाटेवर चिखल असणारच. बूट नवे आहेत, तेव्हा कडेच्या हिरवळीवरून जा. तुमच्या मागचा तुमचा चिखल चुकवून आणखी बाहेरून जाईल. हातभर वाट चार-दोन पावसाळ्यांत बैलगाडी जाईल एवढी होते, तीही सरकारी टेंडर न निघता. उघडा खडक लागला तर मात्र त्यावर पाय ठेवू नका. खडकाला बुटानं काही होत नाही, मग मजा ती काय? शेजारचं शेवाळ निवडा. खाली काळा बेसाल्ट, वर जेमतेम चार बोटं माती, आणि तिला धरून ठेवणारं हे शेवाळ नि गवताची मुळं. टाच फिरली, शेवाळ सरकलं, की पुढची सर माती घेऊन दरीत जाते. मग आपोआप खडकावरूनच चालणं होतं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत १९८९ पासून शिखरांवर माणसं उभी करतात. तिथल्या अल्पाइन, म्हणजे उंच शिखरांवरच्या, रोपट्यांसाठी. काम एवढंच की येणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, खडकावरून चाल. आपल्याकडे कोणी असं बोललंच, तर उत्तर तयार ठेवा: ‘ढोरं चरतात ते चालते काय?’ ढोरं फोटोसाठी फुलांत आडवी पडत नाहीत, हे त्याला सुचायच्या आत पुढं सरका.

रोडग्यांचा बेत असेल तर गोवऱ्या सोबत आणा आणि आर हिरव्यागार सपाटीवरच लावा. रोडगे भाजेपर्यंत खालच्या मातीतलं बी आणि कंदही भाजून निघतात. उरलेलं वरण तिथंच ओता. सीतेची आसवे भुकेल्या जमिनीतली. नत्र मिळत नाही म्हणून तर बिचारी ओल्या मातीतल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते. अशा जागी खरकटं मुरलं की दांडगं गवत माजतं आणि तिला झाकून टाकतं. आग्रहानं जेवू घालून मारायची ही रीत अस्सल वऱ्हाडी.

आणि रिकाम्या हातानं परतू नका. पांढऱ्या फुलांची हॅबेनारिया, म्हणजे जमिनीवरची ऑर्किड, दिसली की चमच्यानं उकरा. खालचा कंद हीच तिची पुढच्या पावसाळ्याची शिदोरी. बी इतकं बारीक की त्यात साठा असा नसतोच. मातीतली जुळणारी बुरशी भेटली तरच ते रुजतं. म्हणजे कंद काढला की ती जागा लवकर भरत नाही, काम पक्कं. घरी कुंडीत वावरातली काळी माती दाबून भरा, सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. कंद कुजला की त्याच कुंडीत सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, पेरा, तो मस्त येतो.