पासपोर्ट कंपनीच्या मालकीचा नसतो

विटा, पलूस, इस्लामपूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गल्फला निघालेल्या वेल्डर-फिटर पोरांसाठी एक मेसेज फिरतोय. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेणं हा तिकडचा कायदाच आहे, एजंटला लाख-दीड लाख द्यावेच लागतात, ईसीएनआर (परदेशी कामाला जाताना सरकारी क्लिअरन्स न लागणारा) पासपोर्ट असला की काळजी नाही, आणि पगार थकला तरी गप बसा, युनो-बिनो तिथं कुणी विचारत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण सल्ला गोत्यात आणणारा आहे.

आधी पासपोर्ट. १९६७ च्या आपल्या कायद्यानुसार तो कायम भारत सरकारच्या मालकीचा असतो. कतारच्या २०१५ च्या कायद्यातही कामगारानं स्वतः लेखी मागणी केल्याशिवाय मालकाला तो ठेवून घेता येत नाही. घेतला तर दंड आहे. कंपन्या तरीही काढून घेतात हे खरं, पण ते कायदा मोडून.

एजंटचं म्हणाल, तर परवानाधारक एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. परवाना खरा का खोटा, ते परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. लाखाच्या वर मागणाऱ्याचं नाव तिथं शोधून बघा. शिवाय हे पैसे बहुतेकांनी व्याजानं काढलेले असतात. उचल अंगावर असलेली ऊसतोड टोळी मुकादमाला सोडून जाऊ शकत नाही, तसाच कर्ज काढून गेलेला पोरगा पगार थकला तरी ब्र काढत नाही. जतकडच्या लोकांना हे फोडून सांगायला नको.

ईसीएनआर दहावी पास झाल्यावर मिळतो. त्यानं सरकारी क्लिअरन्सची अट सुटते, बस्स. ज्यांना क्लिअरन्स लागतं, त्यांना दहा लाखांचा प्रवासी विमा सक्तीचा असतो. आयटीआयवाल्या आपल्या पोरांना तो सक्तीचाच नाही, म्हणून बरेच जण काढतही नाहीत. काळजी उलट वाढली की!

राहिली युनो. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा तिचा करार १९९० चा, लागू झाला २००३ ला. भारतानं तो मान्य केलेला नाही, गल्फमधल्या एकाही देशानं नाही. इथवर मेसेजवाला बरोबर आहे. पण सक्तीच्या मजुरीविरुद्धचा, युनोच्याच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा जुना करार कतारनं मान्य केला होता. त्याच्याच आधारे २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या कामगार प्रतिनिधींनी संघटनेकडे कतारविरुद्ध तक्रार केली. फुटबॉल वर्ल्डकप तोंडावर, जगाचं लक्ष तिकडं. २०१७ ला कतारनं सहकार्याचा करार केला, २०१८ ला संघटनेचं कार्यालय दोह्यात उघडलं. त्याच वर्षी बहुतेक कामगारांची देश सोडताना मालकाची परवानगी घ्यायची अट गेली, २०२० ला नोकरी बदलायला लागणारं मालकाचं ना-हरकत पत्र गेलं, आणि २०२१ पासून कुठल्याही देशाच्या कामगाराला किमान १,००० रियाल मूळ पगार लागू झाला. अंमलबजावणीत घोळ आहेत, पगार अजूनही थकतात. पण आता थकला तर दाद मागायला काहीतरी हातात आहे.

ती मागायला घरच्यांनाही इथूनच परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. अडचणीतल्या माणसाला त्यातून तात्पुरता निवारा, वकील, परतीचं तिकीट मिळू शकतं. मात्र कराराची, व्हिसाची आणि पासपोर्टची झेरॉक्स निघण्याआधीच घरी ठेवून जायला हवी.