अण्णा आणि ऑईल प्रेशर

टर्बोची गाडी घेतली की लोक मायलेज विचारतात. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, टिकेल का, हे कोणी विचारत नाही. एक्झॉस्टच्या धगीत मिनिटाला लाखावर फेरे मारणारा त्याचा दांडा ऑईलच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. त्या ऑईलची खबर द्यायला डॅशबोर्डवर काय, तर एक लाल दिवा. तोही प्रेशर पार अर्ध्या बारच्या आसपास घसरल्यावर लागणारा. म्हणजे आजारपणाचा निरोप नाही, थेट दहाव्याची पत्रिका.

म्हणून मी दोन गेज मागवले, एक प्रेशरचा आणि एक तापमानाचा. सोबत फिल्टर ॲडॉप्टर. ही ॲल्युमिनियमची जाड चकती इंजिन आणि ऑईल फिल्टर यांच्यामध्ये बसते, कडेला सेन्सरसाठी तीन तोंडं असतात. मधले बोल्ट दोन जातींचे आले होते. एक २० मिलिमीटरचा, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला. दुसरा पाऊण इंची, इंचाला १६ आटे. जाडीत एक मिलिमीटरचाही फरक नाही. परक्या घरात पाऊण इंचीवाला एखाद-दोन फेरे गुमान आत जातो आणि मग हटून बसतो.

हा सगळा पसारा साताऱ्यात, शाहूपुरीतल्या आमच्या अंगणात मांडला, तेव्हा सासरे मुक्कामाला होते. अण्णा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत. नळ, व्हॉल्व्ह, गळती यांतलं त्यांना न कळणारं काही नाही, आणि ऑईल हेही शेवटी पाणीच, फक्त काळं, असं त्यांचं मत.

"जावईबापू, हा सेन्सर ह्यात बसणार नाही," ते चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "आटे बघा."

बघितले. चकतीची तोंडं अमेरिकन आट्यांची, इंचाला २७. सेन्सर ब्रिटिश आट्यांचे, इंचाला २८. आपल्याकडचे नळ ब्रिटिश आट्यांवर चालतात, त्यामुळे राजवाड्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात सेन्सरची जात लगेच ओळखली गेली, चकतीची मात्र कोणालाच पटेना. शेवटी एमआयडीसीतला एक लेथवाला गाठला. त्याला सांगितलं, वन बाय एटचा पितळी तुकडा पाहिजे, बाहेरून अमेरिकन, आतून ब्रिटिश, दोन नग.

"वन बाय एट म्हंजी एक सूत," तो कॅलिपर लावत म्हणाला. "आन् ह्यो तर तीन सुताच्या वर भरतोय. साहेब, कुनी फसवलं तुमास्नी?"

पाइपाचं माप त्याच्या भोकावरून पडलेलं, आट्यांच्या जाडीवरून नाही, हे अण्णांनी त्याला चहा येईपर्यंत समजावलं. चहा पिऊन झाल्यावरही समजावलं. तुकडे मात्र त्यानं देखणे केले. पैसे घेतले बेताचेच. कंदी पेढे दिले तेव्हा कुठं आमच्याकडे जरा आदरानं बघितलं.

गाडीखाली मी शिरलो. जुना फिल्टर सैल केला, की ऑईल खाली ठेवलेल्या घमेल्यात पडत नाही. ते आधी मनगटावर येतं, कोपरापर्यंत शांतपणे चालत जातं आणि बाहीत शिरून काखेत विसावतं. "अहो, तो नवा शर्ट ना?" हे वरून ऐकू येतं, पण त्या वेळी उत्तर देण्यासारखं काही नसतं. चकतीच्या खाचेत ओ-रिंगला ऑईल चोळून बसवली, बोल्ट आवळला, खाली नवा फिल्टर. सेन्सर अण्णांनी हट्टानं स्वतःकडे घेतले. वायरी पत्र्यातल्या रबरी ग्रोमेटमधून आत ओढण्यात संध्याकाळ गेली, ती सोडून देतो.

गाडी चालू केली. प्रेशरचा काटा थेट १० बारवर जाऊन टेकला. तापमानाचा काटा जागचा हलेना. गाडी तापली, पंखा सुरू झाला, तरी गेजच्या मते ऑईल महाबळेश्वरला पहाटे गारठून पडलेलं.

सेन्सर एकाच वायरीचे होते. त्यांची अर्थिंग आट्यांतून, धातूला धातू टेकून इंजिनपर्यंत पोचायची. आणि अण्णांनी प्रत्येक आट्यावर अख्ख्या कारकिर्दीचा अनुभव ओतून टेफलॉन टेप गुंडाळली होती.

"गळतंय का एक थेंब तरी?" त्यांनी विचारलं.

नव्हतं गळत. टेप सोलून काढली, आट्यांना द्रव सीलंटचं बोट लावलं, आणि दोन्ही काटे माणसात आले.

आता यवतेश्वरच्या घाटात अण्णा पुढच्या सीटवर बसतात. वळण, दरी, खालचं सातारा शहर, काही बघत नाहीत. ऑईल तापलं की पातळ होतं, आणि गाडी न्यूट्रलला उभी राहिली की प्रेशर एक-दीड बारवर येणारच, हे मी त्यांना सांगून थकलो. "पडला! पडला!" असं ते ओरडले, की मागच्या सीटवर सासूबाई हातातला भडंगाचा पुडा घट्ट धरतात. कासला पोचल्यावर टर्बो निवायला इंजिन मिनिटभर चालू ठेवायचं, तेही घड्याळ लावून तेच बघतात.

चकतीच्या तिसऱ्या तोंडाला मी बूच लावलंय. ते वाया चाललंय, ही खंत अण्णांना सध्या झोपू देत नाही. काल त्यांनी लेथवाल्याला माझ्या फोनवरून परस्पर फोन केला होता.