‘ऑपरेशन नको, हळद प्या’ : त्या मेसेजला उत्तर

‘लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणजे कंपन्यांनी मांडलेला धंदा’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली कुणा वैद्यांचं नाव आहे, पण पत्ता नाही आणि नोंदणी क्रमांकही नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ऑपरेशनमध्ये जठर कापून टाकतात, मग माणूस जन्मभर पेजेवर राहतो आणि पाच वर्षांत जातो. वजनाची नवी इंजेक्शनं सरड्याच्या विषापासून करतात. काहीही केलं तरी वजन परत येतंच. लठ्ठपणा हा आजारच नाही, तो आळस आहे. विमा कंपन्या या ऑपरेशनचे पैसे देत नाहीत, म्हणजे त्यांनाही ते फसवं असल्याचं ठाऊक आहे. आणि शेवटी उपाय: सांगलीची हळद, काळी मिरी नि लिंबू कोमट पाण्यातून सकाळी उपाशीपोटी, रात्री जिऱ्याचं पाणी. ‘२१ दिवसांत १० किलो चरबी वितळते. काढा सुरू केला की शुगरच्या गोळ्या बंद करा, त्या चरबी धरून ठेवतात. किमान दहा जणांना पाठवा.’

माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. असले मेसेज काउंटरवर लोक रोज दाखवतात. मी दोन वाक्यांत समजावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हा मेसेज मात्र माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोचला. ताईची उंची पाच फूट, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा) ४५ च्या आसपास. मधुमेह जुना, गुडघे गेलेले, रात्री घोरताना मध्येच श्वास अडकतो. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विचार करा म्हणून सांगितलं होतं, तपासण्याही सुरू होत्या. भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज पडला, खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली, आणि तिनं तपासण्या थांबवल्या. शुगरच्या गोळ्याही थांबवल्या. मला ते दाजींच्या फोनवरून कळलं. ‘हिला सारखी तहान लागतीया, रात्रीची सारखी उठतीया. पण वजन उतरलंय बघ. काढा लागू पडला म्हणायचा.’

साखर मोजली तेव्हा ती चारशेच्या पुढे होती.

म्हणून मेसेजमध्ये शेवटी असलेला मुद्दा मी आधी घेतो. बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज होतील, या मुद्द्यानं माणूस अतिदक्षता विभागात जाईल. मधुमेहाची औषधं अचानक बंद केली की रक्तातली साखर चढत जाते. साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही, साखर लघवीवाटे जायला लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, तहान वाढते, अंगातलं पाणी कमी होतं. पेशींना साखर वापरता येत नाही, तेव्हा शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. काट्यावर हे सगळं ‘वजन उतरलं’ असंच दिसतं. या मेसेजचा सगळ्यात घातक भाग हाच आहे: गोळ्या बंद केल्यामुळे जे बिघडलं, तेच काढ्याचा गुण आल्याचा पुरावा म्हणून लोक एकमेकांना सांगतात. अशा अवस्थेत साधा ताप किंवा जुलाब झाले तरी माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुणाच्या घरात हा काढा सुरू असेल आणि तहान-लघवी वाढली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी साखर मोजून घ्या.

गोळ्या चरबी धरून ठेवतात, हेही सरसकट खरं नाही. इन्सुलिननं आणि काही जुन्या गोळ्यांनी वजन थोडं वाढतं, एवढं मी मान्य करतो. पण मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीनं वाढत नाही, आणि काही नव्या गोळ्यांनी तर थोडं कमी होतं. वजनाची काळजी असेल तर औषध बदलून मागायचं असतं. बंद करायचं नसतं.

आता ‘२१ दिवसांत १० किलो’. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. त्याला २१ नं भागलं तर रोज साडेतीन हजारांहून जास्त कॅलरींची तूट हवी. घरकाम करणारी बाई दिवसभरात खर्च करते त्या दोन हजारांच्या आगेमागे. म्हणजे तिनं २१ दिवस अन्नाचा कणही घेतला नाही, तरी हा हिशेब बसत नाही.

हळदीबद्दल मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणानं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती आपली अभिमानाची गोष्ट आहे, आणि तिचं नाव असल्या कामाला वापरलं जातंय. आमटीतली हळद चालू ठेवा, तिला कुणाची ना नाही. चमचा-चमचा हळद मिरीबरोबर रोज उपाशीपोटी, हे प्रकरण वेगळं. मिरीतल्या पिपरिनमुळे हळदीतलं कर्क्युमिन कितीतरी पटीनं जास्त शोषलं जातं, आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. लठ्ठ माणसाच्या यकृतात बहुधा आधीच चरबी साठलेली असते. त्यावर हा प्रयोग कशासाठी?

ऑपरेशननंतर माणूस पाच वर्षांत जातो, या दाव्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते पुरेसं आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली एक अभ्यास सुरू झाला. लठ्ठपणाचं ऑपरेशन झालेले सुमारे २,००० लोक, आणि वय-वजन-आजार यांत त्यांच्यासारखेच पण ऑपरेशन न केलेले सुमारे २,००० लोक. दोन्ही गटांचा माग वीस वर्षांहून जास्त काळ घेतला गेला. २००७ मध्ये पहिला मोठा निष्कर्ष आला: ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यू सुमारे चतुर्थांशानं कमी. २०२० मध्ये पुढचा हिशेब आला: ऑपरेशन झालेले लोक दुसऱ्या गटापेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. त्याच अहवालात असंही आहे की सर्वसाधारण लोकांपेक्षा ते तरीही साडेपाच वर्षं कमीच जगले. म्हणजे ऑपरेशननं सगळं भरून निघत नाही. ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण हजारी दोन-तीन होतं. हा धोका शून्य नाही आणि सही करण्यापूर्वी तो विचारलाच पाहिजे. पण ‘पाच वर्षांत जातो’ कुठं आणि हे कुठं! शिवाय त्या काळातली बरीचशी ऑपरेशनं पोट उघडून केलेली आणि आता मागं पडलेल्या पद्धतींची होती. आज बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून करतात.

जठर कापतात, हे अर्धं खरं आहे. स्लीव्ह पद्धतीत जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. पण गुण येतो तो काही नुसतं पोट लहान झाल्यामुळे नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो, आणि अन्न आतड्यात लवकर पोचल्यामुळे पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं वाढतात. म्हणूनच अनेकांची साखर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येते. स्वीडनच्याच अभ्यासात मधुमेह असलेल्या ७२ टक्के लोकांचा मधुमेह दोन वर्षांनी गेलेला होता. दहा वर्षांनी हा आकडा ३६ वर आला. कायमचा बरा होतो म्हणणारे डॉक्टर भेटले तर त्यांना दुसरा आकडा जरूर विचारा.

पेजेचं म्हणाल, तर पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांत घरचं जेवण, थोडं-थोडं आणि नीट चावून. भाकरीही खाता येते. मेसेजनं जे सांगितलंच नाही ते जास्त महत्त्वाचं: बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि दरवर्षी रक्त तपासावं लागतं. दोन-तीन वर्षांनी ‘आता मी बरी आहे’ म्हणून गोळ्या सोडणारे लोक मी दुकानात पाहतो. पुढे हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं. स्लीव्हनंतर काहींची जळजळ वाढते, पित्ताचे खडे होतात. हे सगळं आधी कळलं पाहिजे, आणि ते सांगायला ज्या डॉक्टरांना वेळ नाही त्यांच्याकडे ऑपरेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरड्याच्या विषाची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या लाळेतल्या विषात आपल्या आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखा एक घटक १९९२ च्या सुमारास सापडला. त्याची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती, एक्झेनाटाइड, २००५ मध्ये मधुमेहाचं औषध म्हणून आली. आज ज्यांच्यावर चर्चा चालते ती इंजेक्शनं सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड, म्हणजे दुकानातल्या नावांनी वेगोव्ही आणि मौंजारो. ती माणसाच्याच संप्रेरकांच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. दोन्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली. चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात, म्हणून मात्रा महिन्या-महिन्यानं हळूहळू वाढवतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. गरोदरपणात चालत नाहीत, आणि घरात थायरॉईडच्या मेड्युलरी कॅन्सरचा इतिहास असेल तरी नाही. लग्नाआधी पाच किलो कमी करायचेत म्हणून चिठ्ठीशिवाय मागायला येणाऱ्यांना मी ती देत नाही, कितीही ओळख सांगितली तरी.

वजन परत येतं, हा मुद्दा मला नाइलाजानं अर्धा मान्य करावा लागतो. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीतच दिसलंय. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं, तसंच हे. त्यामुळे महिन्याचा खर्च किती वर्षं झेपेल, हा प्रश्न पहिल्या इंजेक्शनआधी घरात बसून विचारला पाहिजे. ऑपरेशननंतरही थोडं वजन परत येतं. तरी स्वीडनच्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पंधरा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सुमारे २७ टक्के कमी होतं. ऑपरेशन न केलेल्यांचं होतं तिथंच राहिलं.

आळसाबद्दल फार लिहीत नाही, कारण राग येतो. ताई पहाटे पाचला उठून दोन घरांचं करते. मेसेज आयुर्वेदाचं नाव घेतो म्हणून तिकडचंच सांगतो: चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थौल्याची, म्हणजे अति लठ्ठपणाची, कारणं दिली आहेत. त्यांत जड-गोड खाणं आहे, व्यायाम न करणं आहे, दिवसा झोपणं आहे, आणि बीजस्वभावही, म्हणजे आईवडिलांकडून आलेला स्वभावही, आहे. अतिस्थूल माणसाचं आयुष्य घटतं, असंही तिथं लिहिलंय. कंपन्या नव्हत्या तेव्हाचं हे लिखाण आहे.

राहिला विमा. भारतीय विमा नियामकानं हा मुद्दा केव्हाच ठरवून दिलाय. डॉक्टरांचा सल्ला, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय ४० किंवा जास्त; किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, शिवाय साध्या उपायांनी वजन उतरलेलं नाही, अशा स्थितीत ऑपरेशन लठ्ठपणासाठी आहे एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही. पॉलिसीतल्या प्रतीक्षाकाळाच्या (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ दावा करता न येण्याच्या) अटी मात्र लागू राहतात, त्या आधी वाचा. दावा अडतो तो बहुतेक कागदांवर. म्हणून वजनाच्या जुन्या नोंदी, एचबीएवनसीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) रिपोर्ट, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि झोपेची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल, हे सगळं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा आणि पहिल्या भेटीलाच बरोबर न्या.