काडीपैलवान

शाळेत मला सगळे काडीपैलवान म्हणायचे. अब्बांच्या कापडदुकानात गिऱ्हाईक आलं की चाचा पण सुरू, "हा तागा उचलतो का तागा ह्याला उचलतो बघा" आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो. आता चाळिशीत लक्षात येतंय की मीटिंगमध्ये तोंड न उघडणं, कोणी कौतुक केलं की "छे हो, मी कुठं काय केलं" करत पळ काढणं, हे सगळं तिथलंच. आणि मी ह्याला आजिजी, म्हणजे नम्रपणा, समजत होतो राव!

मागे एका काउन्सेलरने रोझेनबर्गचा फॉर्म भरायला दिला, स्वतःबद्दल किती आदर वाटतो ते मोजणारा. 1965 चा, फक्त 10 वाक्यं. त्यात एक असं की निदान बाकीच्यांइतकी तरी माझी किंमत आहे. तिथेच पेन अडकलं.

तेव्हा पैगंबर मुहम्मद यांचे एक साथी जाहिर (रजि.) आठवले. वाळवंटातले खेडूत, दिसायला यथातथा, मदिनेच्या बाजारात माल विकत उभे होते. नबी (स.), म्हणजे पैगंबर, गुपचूप मागून आले आणि कवेत घेतलं. जाहिर आधी कोण आहे, सोड म्हणाले, पण ओळख पटल्यावर पाठ अजूनच टेकवून उभे राहिले. नबी मस्करीत म्हणाले, हा गुलाम कोण घेणार? जाहिर म्हणाले, मग तुम्हाला कळेल माझा भाव कवडीचाय. अरबीत शब्द आहे 'कासिद', न खपणारा माल. आमच्या दुकानाच्या भाषेत डेड स्टॉक! नबी म्हणाले, पण अल्लाहकडे तू कासिद नाहीस.

मशिदीतल्या बयानात (प्रवचनात) ही गोष्ट कितीदा ऐकली असेल, पण मिठी आधी आणि वाक्य नंतर हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याकडे उलटंय, पोरगं खचलं की आधी भाषण, "नमाज पढ, ईमान कमी पडतंय तुझं". अरे नमाज पढूनच आलाय तो, आणि काउन्सेलरकडे गेला म्हणून ईमान कुठं जात नाही.

काडीपैलवानांसाठी अजून एक. नबींचेच दुसरे साथी अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या बारीक पिंढऱ्या बघून लोक हसले, तर नबी म्हणाले तराजूत ह्या उहुद डोंगरापेक्षा जड भरतील. कुरआनात सूरह हुजुरातच्या 11 व्या आयतीत तर टोपणनावांनी चिडवू नका असं सरळच लिहिलंय, आणि आमच्याकडे शेंबड्या, काळ्या, टकल्या, एक घर सुटलेलं दाखवा.

पुतण्याला घरात सगळे ढब्बू म्हणतात, मी पण. तो पण हसतो, सगळ्यात मोठ्याने. काल पहिल्यांदा त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर दोनदा ओ च दिली नाही, मग येऊन विचारतो, "चाचा, रागावलात का?"