हद्दपारी अडते कुठे?

इथं गुन्हा सिद्ध झालेल्या परदेशी माणसाला 'निकाल लागला की थेट विमानात बसवा' म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग शिक्षा कोण भोगणार? मायदेशी उरलेली शिक्षा भोगायला पाठवणं हा हद्दपारीहून वेगळा मार्ग. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यात त्यासाठी दोन देशांत करार आणि कैद्याची संमती लागते.

शिक्षा संपवून कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून परदेशी कैदी सुटणार असेल तर जिल्हा पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेनं सुटकेच्या कितीतरी महिने आधीच दूतावासाला लिहायला हवं. पासपोर्ट संपलेला किंवा हरवलेला असला की नागरिकत्वाची खात्री, तात्पुरता प्रवास दाखला, एक्झिट परमिट (देश सोडण्याची परवानगी), तिकीट अशी रांग लागते. दूतावासच गप्प बसला तर शिक्षा संपूनही माणूस इथंच अडकतो, खर्च आपल्याच माथी. त्यात दुसरा खटला प्रलंबित निघाला, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पाठवता येत नाही.